सिंधुबाईची फळी

बसा मोहनराव. घोंगडी अंथरली आहे तिच्यावर बसा, पण दाराच्या समोर नको, जरा भिंतीकडे सरका. दारातली वाट मोकळी राहिलेली बरी. दिवे लागायला अजून वेळ आहे, चहा होईपर्यंत बोलू.

घर तुम्ही फिरून बघितलंत. दगडी भिंती, वर माळवद, मागच्या परसात लिंब, पुढं रस्त्याला लागून हा ओटा. ओट्यावर माझं शिवणाचं मशीन असतं, आणि शेळगावातल्या निम्म्या माणसांच्या अंगावर माझ्या हातच्या बंड्या आहेत. घरात म्हणाल तर खोट नाही. पावसाळ्यात थेंब गळत नाही. तुम्ही आल्या आल्या विचारलंत, एवढं चांगलं घर विकता कशाला, आणि मी मशीनचा पट्टा नीट करायच्या निमित्तानं उत्तर टाळलं. ते तुमच्या लक्षात आलं असणारच.

माझ्या एकट्याच्या हातात असतं तर तुम्हाला काही न सांगता मी व्यवहार उरकला असता. इतका काही मी साधू नाही. पण घर माझ्या आणि बायकोच्या, दोघांच्या नावावर आहे, आणि रतन म्हणते, माझा अर्धा वाटा विकायचा नाही. फार गळ घातली तेव्हा म्हणाली, येईल त्याला आधी सगळं सांगा, मग बघू. तेव्हा ऐका. ऐकून तुम्ही उठून गेलात तरी मी वाईट वाटून घेणार नाही.

हे दार बघा. सागवानी, दोन फळ्यांचं. आत येताना तुमच्या डाव्या हाताला लागते ती फळी सिंधुबाईची, उजवीकडची सोपानरावांची. दाराच्या फळ्यांचीसुद्धा वाटणी झालेली होती असं कुणी सांगितलं तर माणूस हसेल. मीही हसलो होतो.

सोपानराव आणि सिंधुबाई ही नवराबायको. ही जागा सिंधुबाईच्या बापानं लेकीला दिलेली, वरचं बांधकाम सोपानरावांचं, म्हणून घर दोघांच्या नावावर लागलं. दोघांनी कालव्याच्या पाण्यावर वांगी-मिरची केली, संसार बरा चालला, पण मूल झालं नाही. सोपानरावांनी दुसरी बायको करायचं मनात घेतलं. सिंधुबाई भांडली नाही. तिनं चार पंच बसवले आणि काडीमोड घेतला. गवताची काडी दोघांनी दोन टोकांना धरली, मधोमध मोडली, संपलं. पंच म्हणाले, घराचं काय? ती म्हणाली, अर्धं माझं आहे, तसंच राहू द्या. मग ती आत गेली, आपल्या बाजूची फळी लावली, वरची कडी आतून चढवली आणि सोपानरावांच्या फळीतून बाहेर आली.

उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "ही फळी मी लावलीया. उघडीन तर मीच उघडीन. माज्या हातनं उघडल्याबिगर हितनं कुनी बाई आत यायची न्हाय."

एवढं बोलून ती कऱ्हाटीला भावाकडे निघून गेली.

नवी बायको आली ती अर्ध्या दारातून, अंग चोरून. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं होतं, तेही तिला नीट लवंडता आलं नाही. वर्षभरात माहेरी गेली ती गेलीच. त्यानंतर कितीतरी वर्षं सोपानराव आपल्याच घरात आडवे होऊन शिरत होते. वांग्याची पाटीसुद्धा डोक्यावरून उतरवून, तिरकी करून आत न्यायचे. कुणी म्हटलं, उघडा की ती फळी, तर म्हणायचे, "तिची हाय." एवढंच.

मी तेव्हा बारामतीत दुसऱ्याच्या दुकानात शिवायला होतो. राहायला भाड्याची खोली, तिच्यात ऊन म्हणून कधी आलं नाही. त्या खोलीत रतनची दोन पोरं पोटातच गेली. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा ती म्हणाली, "ह्या खोलीत न्हाय. हितं मला पुन्यांदा झोपायचं न्हाय." तिला आई नाही, तेव्हा बाळंतपणाला माहेरी जाण्याचाही प्रश्न नव्हता. मला घर हवं होतं, आणि पोर येण्याआधी हवं होतं. पुढचं सगळं तुम्ही ह्या एका गोष्टीवर तोलून बघा. मी रोज तोलतो, पारडं काही वर येत नाही.

शेळगावात शिंपी नव्हता, घर रस्त्याला होतं, आणि सोपानराव विकायला एका पायावर तयार. ते कारखान्यावर कामाला लागले होते, तिकडंच चाळीत राहणार होते. म्हणाले, "माजा अर्धा घ्या. तिच्या अर्ध्याचं तिला इचारा. मी तिच्याम्होरं जानार न्हाय."

म्हणून मी कऱ्हाटीला गेलो. सिंधुबाई भावाच्या रानात मिरचीला पाणी देत होती. लुगडं वर खोचलेलं, पाय चिखलात. शिंप्याची नजर माणसाच्या मापावर जाते. डावा खांदा उजव्यापेक्षा जरा खाली होता, आणि डाव्या पायाला करंगळी नव्हती. कधीतरी खुरप्यानं गेली असणार. चिखलात तिचं जे पाऊल उठत होतं ते चार बोटांचं.

मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण हात थांबला नव्हता.

"घरात कोन कोन ऱ्हानार?" तिनं विचारलं.

"मी अन् बायकू. तिला सातवा लागलाय, आक्का."

तेव्हा तिनं खोरं बांधाला टेकवलं. पाणी एका सरीतून भरून वाहायला लागलं तरी ती तशीच बघत उभी.

"त्या घरात पाळना कंदी हाललाच न्हाय," ती म्हणाली. "द्येते माजा अर्धा. पर माजं एक ऐका, दादा. आखितीला मी तितं येनार. माजी फळी मी उघडनार. उंबऱ्यावर तुमच्या मालकिनीची वटी भरनार, अन् माज्या फळीतनं तिला हाताला धरून आत घेनार. मग घर तुमचं. तवर तिला आत न्यायचं न्हाय. शबुद द्या."

मी शब्द दिला. त्यात माझं काय जात होतं? उलट मला गहिवरून आलं होतं. रतनला आई नव्हती, आणि ही बाई आपण होऊन तिची ओटी भरायला निघाली होती.

चैत्रात इंदापूरच्या कचेरीत खरेदी झाली. सोपानराव भिंतीकडे तोंड करून उभे, सिंधुबाई दाराकडे. तिनं डाव्या अंगठ्याचा ठसा दिला आणि अंगठ्याची शाई केसांना पुसली. निघताना मला पुन्हा म्हणाली, "आखितीला."

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी आम्ही गाडीत सामान भरून बारामतीहून निघालो. वाटेत मुक्काम केला. शेळगावात पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. सोपानराव किल्ली घेऊन ओट्यावर बसले होते. सिंधुबाईचा पत्ता नव्हता.

वाट बघितली. वैशाखातलं ऊन तुम्हाला माहीत आहे. ओट्याच्या दगडावर हात टेकवत नव्हता. रतनच्या पायांना सूज होती, ती गाडीच्या चाकाला धरून उभी. शेजारची ठमाबाई सारखी म्हणत होती, "पोरीला माज्या सपरात बसू द्या, सावली हाय." म्हणजे सावली होती, मोहनराव. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं मी लोकांना सांगताना ही सावली नेहमी गाळत आलो. मला मुहूर्त गाठायचा होता. आणि डोक्यात किडा शिरला होता की बाई फिरली. खरेदी झाली, तरी आता काहीतरी खुसपट काढणार, अडवून धरणार. घर माझं आणि मी उन्हात उभा, ह्याचा मला राग आला होता.

रतननं उजव्या फळीतून जाऊन बघितलं, पण त्या पोटासकट तिला शिरणं शक्यच नव्हतं.

भर बारा वाजले तेव्हा मी सोपानरावांना म्हणालो, "उघडू का?"

ते उठून चार पावलं लांब गेले. "मी हात लावनार न्हाय. तुमचं घर हाय, तुमी बगा."

मी आडवा होऊन आत शिरलो. त्या फळीमागं हाताला लागेल असा अंधार होता, थंड राखेचा वास येत होता. कडी गंजून चौकटीला धरलेली. हातानं निघेना, म्हणून कोपऱ्यातला वरवंटा घेऊन खालून ठोकली. दोन-तीन घाव बसले आणि ती सुटली. लोखंड सुटल्याचा आवाज नाही झाला. कुणी दमलेल्या माणसानं श्वास सोडावा तसं काहीतरी झालं, माझ्या कानाच्या अगदी जवळ.

फळी आपोआप उघडली. उजेड आत आला. समोर रतन, एक पाय उंबऱ्यावर उचललेला, आणि ती तशीच थांबली.

"काय झालं?"

"आतनं कुनीतरी थांब म्हनलं... बाईमानूस."

"आत मी एकलाच हाय. ये."

ती येईना. मी तिच्या हाताला धरून तिला आत ओढली. हो, ओढलीच.

त्या दिवशी दुपारी ऊन उतरल्यावर रतननं सोपा शेणानं सारवून काढला. मी नको म्हणत होतो, ती म्हणाली, परक्या घराचा वास जात नाही. तिन्हीसांजेला तिनं दिवा लावला आणि तिथूनच मला हाक मारली. आवाज चढवला नव्हता, उलट इतका हळू की मला आधी कळलंच नाही.

ओल्या सारवणावर पावलं होती. उंबऱ्यापासून, डाव्या फळीच्या बाजूनं, आतल्या जुन्या चुलीपर्यंत. आत जाणारी होती, बाहेर येणारी नव्हती. आणि सगळी डाव्या पायाची. दोन पावलांमध्ये अंतर असं, की मधलं उजवं पाऊल तेवढं गाळलेलं. मी दिवा खाली धरला. चार बोटं. करंगळीच्या जागी काही नव्हतं.

"ठमाबाई येऊन गेली आसंल," मी म्हणालो.

रतननं पदर पोटावरून घट्ट ओढून घेतला.

मग रोजचंच झालं. सारवण वाळलेलं असलं तरी दिवे लागायच्या वेळी जमिनीवर ओली पावलं उठायची, आणि घरात मिरचीच्या ओल्या पाल्याचा वास यायचा. तुम्ही कधी मिरचीला पाणी दिलं असेल तर तो वास ओळखाल. आमच्या घरात मिरचीचं रोप नव्हतं. मी फळी लावून बघितली, कडी घालून बघितली. कडी लावली की आतल्या बाजूनं लाकडावर हात फिरल्यासारखा आवाज येई, चाचपडत, कडी शोधत असल्यासारखा, आणि सकाळी फळी उघडी असे.

हे मी सहन केलं असतं. माणूस सगळ्याला सरावतो. पण एका सकाळी रतन अंथरुणातच बसून राहिली.

"पोट गप झालंया," ती म्हणाली. "काल सांजच्यापास्नं हाललं न्हाय."

मी सुईण आणतो म्हणालो. तिनं मान हलवली.

"सुईन काय करनार? तुमी शबुद मोडला. त्या बाईला जाऊन सांगा, मी उघडली म्हनावं. पाया पडा. तुमच्यानं व्हत नसंल तर मी चालत जाते."

मी त्याच पावली निघालो. बारामतीपर्यंत यष्टी, पुढं मिळेल त्या गाडीनं. वाटभर मनात एकच वाक्य घोकत होतो, आक्का, मी उघडली, माफ करा. कऱ्हाटीत तिचा भाऊ रावजी दारातच बसला होता. मला बघून उठला नाही.

"लई उशीर केलासा," तो म्हणाला.

"काय झालं?"

"आखितीला पहाटं न्हाली. खन, नारळ, तांदूळ सगळं बांधून घेतलं. सकाळची यष्टी भरून गेली, थांबली न्हाय. म्हनली, दुपारच्यानं जाते, दिवं लागायच्या आत पोचते, दादा थांबतील. शबुद दिलाय त्येनी." रावजीनं उंबऱ्याकडं हात केला. "भर बारा वाजता उंबऱ्यात पाय टाकला अन् तितंच कलंडली. डावं अंग गेलं सगळं. वैद्य म्हनतो वारं गेलं अंगावरनं. बोचकं तसंच हाय बगा खुंटीला."

बोचकं खुंटीला होतं. मी त्याच्याखालून वाकून आत गेलो.

ती बाजेवर पडली होती. तोंडाची एक बाजू ओघळलेली, एक डोळा अर्धा मिटलेला. डावा हात अंगाशेजारी ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवल्यासारखा. अंगठ्याच्या नखात कचेरीतल्या शाईची काळी रेघ अजून होती. तिनं मला ओळखलं.

"फळी..." ती म्हणाली. शब्द एका बाजूनं येत होते. "कुनी... उघडली?"

वाक्य तयार होतं. बारामतीपासून घोकलेलं. रावजी दारात उभा होता, तिचा उजवा डोळा माझ्यावर होता, आणि माझी नजर त्या हाताकडे गेली. मोहनराव, मी जर म्हणालो असतो की भर बारा वाजता मी वरवंट्यानं ठोकली, तर त्या घरात मला कुणी काही बोललं नसतं. नुसतं बघितलं असतं. ते बघणं मला झेपणार नव्हतं.

"वारं सुटलं हुतं, आक्का," मी म्हणालो. "वाऱ्यानं उघडली."

"वारं..."

"व्हय. अन् रतनला ठावं नव्हतं. उघडी दिसली तशी ती आत आली."

बघा, बायकोलाही पुढं केलं मी. पोटात गप झालेलं पोर घेऊन बसलेल्या बायकोला.

सिंधुबाईनं नजर आढ्याकडे वळवली. मग म्हणाली, "पोरीचा काय दोस... मला न्या तितं. मी हितं... अर्धीच हाय. दिवं लागलं का मला कळतं. तितं जाऊन बसलीया... आत गेली, पर फळी माज्या हातनं... उघडली न्हाय. मग भाईर कशी येनार..."

रावजीनं गाडीत कडबा पसरला, वर वाकळ अंथरली आणि आम्ही तिला शेळगावला आणली. वाटेत एक मुक्काम पडला. बोचकं ती उजव्या हातात धरून होती.

दिवे लागायला थोडा वेळ होता. तिनं सांगितलं तसं मी केलं. डावी फळी लावली, आतून कडी घातली, आणि उजव्या फळीतून आडवा होऊन बाहेर आलो. मग तीही बाहेरून ओढून घेतली. आम्ही सगळे बाहेर, ओट्यावर. रतन, मी, रावजी, ठमाबाई. लांब रस्त्यापलीकडं सोपानराव उभे होते, कुणी बोलावलं नव्हतं तरी. सिंधुबाईनं तिकडं बघितलं नाही. तिला आम्ही उचलून उंबऱ्यासमोर पाटावर बसवली होती, पाठीला रावजीचा गुडघा.

माझ्या मनात आलं, कडी आतून आहे, ही बाहेरून कशी उघडणार? विचारावं म्हटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "आत हाय की ती."

आणि आतून कडी निघाली. सगळ्यांनी ऐकली. घाईनं नाही, सवयीच्या हातानं काढावी तशी. सिंधुबाईनं उजवा हात लांब करून बोटांनी फळी नुसती शिवली. ती उघडली. आत कुणी नव्हतं. मिरचीच्या पाल्याचा वास आला आणि गेला.

रतन पदर पसरून तिच्यासमोर वाकली. सिंधुबाईनं कुंकू लावलं, खण-नारळ पदरात ठेवला, मग तांदूळ. एका हातानं ओंजळ होत नाही, म्हणून ती मुठीनं घालत होती. मला तरी तसं दिसलं. नंतर रतन मला म्हणाली, "मुठीनं न्हाय. भरल्या वंजळीनं घातलं. दोनी हात हुतं." पदरातले तांदूळ बघितले तर तेवढेच होते.

ओटी भरून झाली तशी रतननं एकदम पोटाला हात लावला आणि खालीच बसली. पोर हाललं होतं. ठमाबाई रडायला लागली. मीही रडलो.

मग सिंधुबाईनं मला जवळ बोलावलं. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"दादा," ती म्हणाली, "सांगायचं काय... ऱ्हायलं का?"

रतन माझ्याकडे बघत होती. सगळं नीट झालं होतं, पोर हाललं होतं, फळी उघडली होती. आता कशाला, असं मला वाटलं.

"न्हाय, आक्का," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. रावजीनं तिला उचलून गाडीत ठेवली.

आषाढात सारजा झाली. घरात पाळणा हालला. पावलं उठायची बंद झाली होती, वासही गेला. कार्तिकात कऱ्हाटीहून निरोप आला, सिंधुबाई गेली. रतननं त्या दिवशी चूल पेटवली नाही. संध्याकाळी मला म्हणाली, "जितीपनी सांगायचं हुतं." तेव्हापासून ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलते. जेवायला वाढते, दुखलं खुपलं बघते, पण माझ्या तोंडावर तिची नजर ठरत नाही. एका घरात राहून काडी मोडल्यासारखं आहे आमचं, फक्त पंच बसले नाहीत.

सारजा चालायला लागली तेव्हा एक गोष्ट दिसली. पोरं चालायला शिकताना दोन्ही हात पसरतात. ही उजवा हात सरळ वर करून चालायची, कुणी मोठ्या माणसानं डाव्या हातानं धरलेला असावा तसा. लोक हसायचे. मीही हसायचो. आता तिला चौथं लागलंय, पळते, झाडावर चढते, पण तिन्हीसांजेला बाहेरून घरात येताना अजून तो हात वर असतो, आणि येते ती ह्याच फळीतून, जरा कडेनं, शेजारी दुसरं माणूस मावेल एवढी जागा सोडून. कुणाचा हात धरलायस म्हणून विचारलं तर म्हणते, आज्जीचा. तिला कुणी काही सांगितलेलं नाही.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी घर विकायला काढलं नसतं. आज्जी म्हणून येते, लाडानं येते, येऊ दे, असं म्हणालो असतो. पण ह्या दिवाळीपासून सारजा आली की माझ्यापुढं येऊन उभी राहते आणि एक विचारते. रोज तेच. रतन तेवढ्यात दिवा घेऊन येते आणि मी काय उत्तर देतो ते ऐकत उभी राहते. तुम्ही म्हणाल, देऊन टाका खरं उत्तर. मीही रोज दुपारी मशीनवर बसून तेच ठरवतो.

ही बघा आली. ठमाबाईकडे खेळत होती. हात बघा तिचा. मोहनराव, अजून जरा सरका भिंतीकडे, दोघींना वाट लागते.

ये बाळ. हे पाव्हणे आहेत, घाबरू नको.

"आबा, आज्जी इचारती..."

रतन, दिवा तिथं उंबऱ्याजवळ ठेव.

"आज्जी इचारती, आतली कडी वाऱ्यानं कशी काडली?"

ऐकलंत? हेच. आता तुमच्यासमोर तरी... थांबा. रतन, अशी बघू नकोस. सांगतो.

वारं... वारं लई मोठं सुटलं हुतं, बाळ.

बघा मोहनराव. दिव्याची ज्योत बघा, जागची हालत नाही. आज वाऱ्याचा मागमूस नाही. आणि तरी ती फळी लागली. कडी वर चढलीच बघा, आपण चौघं इथं बसलेलो असताना.

उठलात? चहा तरी... बरं. जायचंच असेल तर ह्या उजव्या बाजूनं जा, जरा अंग चोरून. ती कडी माझ्या हाताला निघत नाही. सकाळी रतन काढते.